मारेगावची हजेरी

छत्तीस वर्षे मी एकच प्रवास केला. डोंबिवली ते व्ही. टी. आणि व्ही. टी. ते डोंबिवली. पुढे स्टेशनचे नाव बदलले, गाड्यांचे डबे वाढले, पण माझी सकाळची जलद गाडी आणि तिच्यातली दाराजवळ उभे राहण्याची जागा काही बदलली नाही. कचेरीत पोचल्यावर पहिले काम मस्टरवर सही. दहा वाजून दहा मिनिटे झाली की मस्टर साहेबांच्या खोलीत जाई, आणि मग तिथे जाऊन, मान खाली घालून लाल रेघेशेजारी सही करावी लागे. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेलीच म्हणून समजावे. अशा माणसाला कुणी सांगितले की, अमुक एक मुलगा मस्टरशिवाय, लोकलशिवाय, अंगणातल्या बाजेवर बसून माझ्या शेवटच्या पगाराच्या दुप्पट पगार घेतो आहे, तर त्याला काय वाटेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा मुलगा म्हणजे माझा सख्खा भाचा. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. मी नोकरीच्या पाठीमागे मुंबईस आलो आणि धाकटी बहीण दिली यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावला. तिचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. भाचा पुण्याला एका संगणक कंपनीत लागला, हिंजवडीला भाड्याच्या घरात राहू लागला आणि २०२० च्या मार्चमध्ये चार कपडे नि लॅपटॉप घेऊन "आठवडाभर" म्हणून घरी आला. २४ मार्चच्या रात्री सारा देश बंद झाला. तो आठवडा पुढे साडेचार वर्षे पुरला!

२०२४ च्या दसऱ्याला बहिणीचा फोन आला. "दादा, तू एक खेप येऊन जा बाप्पा. कंपनीचं पत्र आलं, जानेवारीपासून पुण्याले या म्हणते. हा पोट्टा नाही म्हणून राहिला. नोकरी सोडतो म्हणते. तुह्यं तरी आयकन."

ऐकले मात्र, माझ्यातला जुना हेडक्लार्क खडबडून जागा झाला. नोकरी सोडतो म्हणजे काय! मी बॅग भरली. आमच्या घरून सूचना झाली, "तिकडे जाऊन व्याख्यान देऊ नका, नीट ऐकून घ्या." ही सूचना मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि आयुष्यभर विसरत आलो आहे.

कल्याणला विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळी वर्ध्याला उतरलो. तिथून एस. टी. ने हिंगणघाट, हिंगणघाटहून नागपूर-हैदराबाद हमरस्त्याने दक्षिणेकडे. वाटेत वर्धा नदी लागते. ती ओलांडली की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. करंजीला हमरस्ता सोडून डाव्या हाताला वणीच्या रस्त्याला लागायचे. त्या वाटेवर, वणीच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर, मारेगाव आहे.

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला हात धरून थांबवील असे मारेगावात काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. किल्ला नाही, लेणे नाही, नावाजलेले थंड हवेचे टेकाड नाही. तहसील कचेरी, नगरपंचायत, बाजार, बियाण्या-खताची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन. पण आश्विनातल्या सकाळी त्या काळ्या जमिनीवर पऱ्हाटी फुटलेली असते. बोंडे उकललेली, त्यांतून पांढरा कापूस लोंबतो आहे, मध्येच तुरीची हिरवी ओळ, आणि सोयाबीन निघून गेलेले मोकळे वावर. गाडीच्या खिडकीतून ते पाहिले आणि मला लहानपणीचे घर आठवले. एवढा एक देखावा मारेगावाकडे आहे. तो दाखवायला तिकीट लागत नाही.

पण मला जी खरी मौज दिसली ती रस्त्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला. चहा प्यायला म्हणून थांब्यावर गेलो होतो. वणीकडून एक एस. टी. आली आणि तिच्यातून वीसपंचवीस माणसे उतरली. हातात डबा, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर ती आमची डोंबिवलीची ओळखीची घाई. पाठोपाठ दोन जीपगाड्या आल्या, त्यांतूनही तशीच मंडळी. मी टपरीवाल्याला विचारले, "आज काही मोर्चाबिर्चा आहे का?"

"नाही जी," तो हसला. "अपडाऊनवाले आहेत. सकाळी येतात, संध्याकाळी जातात."

हा 'अपडाऊन' शब्द विदर्भात इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नोकरी एका गावी, बिऱ्हाड दुसऱ्या गावी आणि रोज जाणेयेणे, याचे नाव अपडाऊन. शाळा, बँका, दवाखाने, कचेऱ्या, साऱ्या महाराष्ट्रातल्या लहान गावांत हेच चालते. शिक्षकाने नि ग्रामसेवकाने मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहावे असा शासनाचा आग्रह जुना आहे. घरभाडे भत्ता हवा असेल तर "गुरुजी गावातच राहतात" असा ग्रामसभेचा ठराव आणा, इथपर्यंत ती गोष्ट गेली. २०२२ साली यावरून विधानसभेत एका आमदारांनी प्रश्न लावून धरला आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, हे वाचकांना आठवत असेल.

म्हणजे पाहा. ज्यांनी मारेगावात राहून काम करावे ती माणसे बाहेरून येऊन जातात, आणि ज्याचे काम पुण्यात तो माझा भाचा मारेगावातून हलायला तयार नाही! साडेनऊच्या गाडीने मारेगाव भरते नि साडेपाचच्या गाडीने ओसरते. मधल्या वेळात गावात स्वखुशीने बसलेला एकमेव नोकरदार म्हणजे आमचे चिरंजीव.

त्या अपडाऊनवाल्यांना नावे ठेवण्याची माझी हिंमत नाही. मी स्वतःच छत्तीस वर्षांचा अपडाऊनवाला. परतीच्या प्रवासात एक शिक्षिका शेजारी बसल्या होत्या, त्यांना मी भीत भीत विचारलेच. त्या म्हणाल्या, "काका, माझी शाळा आहे आडबाजूच्या खेड्यात. तिथं मला भाड्यानं खोली मिळत नाही. मिळाली तर संडास नसतो. माझी पोरगी दहावीत आहे, तिची शिकवणी वणीत. आता बाईमाणसाला तिकीट अर्धं झालंय म्हणून बरं. मी वर्गात वेळेवर असते, मुलं वाचतात. मी रात्री कुठं झोपते यावरून माझी शाळा का मोजता?" मला उत्तर सुचले नाही. मी अर्ध्या तिकिटाचा विषय काढला, कारण मीही पासष्टीच्या वरचा, माझेही तिकीट अर्धेच.

या मुलखाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्याला वणीचे नाव होते, साहेब लोक त्याचा उच्चार 'वून' असा करीत. नाव वणीचे, पण जिल्ह्याची कचेरी यवतमाळला, शंभर किलोमीटर दूर! १९०५ साली अखेर जिल्ह्याचे नावच कचेरीच्या गावावरून यवतमाळ असे झाले. लोकनायक बापूजी अणे वणीचे, १८८० चा त्यांचा जन्म, तेव्हा कागदोपत्री जिल्हा वणीचाच होता. आणि त्याच काळात हिंदुस्थानचे सरकार दर उन्हाळ्यात कलकत्त्याहून बाडबिस्तरा उचलून सिमल्याच्या डोंगरावर जाऊन बसत असे, कारकुनांसकट, दप्तरांसकट. साहेबाने डोंगरावरून राज्य हाकले तर ती व्यवस्था, आणि कारकुनाने घरून टाचण लिहिले तर तो आळस. हा भेद तेव्हापासूनचा आहे.

आता भाच्याच्या 'कचेरी'विषयी. मागच्या पडवीत, जिथे पूर्वी कणग्या असत, तिथे एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला दोन पडदे आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. सुरुवातीला मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर मिळे, म्हणून २०२० चा सारा उन्हाळा त्याने गच्चीवर, डोक्याला ओला पंचा बांधून काढला. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांनाच यातला पराक्रम कळेल! पुढे तार आली, वेग आला. वीज मात्र आपल्या लहरीने येते नि जाते. इथून जवळच वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, त्या कोळशावर चंद्रपूरचे वीजकेंद्र चालते, ती वीज साऱ्या महाराष्ट्राला जाते, आणि मारेगावचा शेतकरी पंपाला वीज कधी येईल म्हणून रात्री बारा वाजता कंदील घेऊन वावरात बसतो. भाचा म्हणतो, "मामा, माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात एक दिवस लाइट गेली नाही. कोळसा आमचा, उजेड त्यांचा."

त्याचे काम दुपारी एकला सुरू होऊन रात्री दहाला संपते, कारण साहेब अमेरिकेत. त्याच्या वरचा अधिकारी बंगलोरला, त्याच्या हाताखालची दोन मुले एक इंदूरला, एक कोल्हापूरला. "मी पुण्याला जाऊन काय करू? तिथंही कानाला यंत्र लावून याच लोकांशी बोलायचं. फक्त तिथं जायला दीड तास, यायला दीड तास."

मी म्हटले, "अरे, पण कंपनी सांगते ना! आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी फायली होत्या मामा. फाईल घरी नेली तर चोरी झाली असती."

खरे होते. असो.

या प्रकरणात एकटी त्याचीच कंपनी आहे असे नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टाटा कन्सल्टन्सीने मोठ्या उत्साहाने सांगितले होते की, २०२५ पर्यंत आपल्या शंभरांतल्या पंचवीसच माणसांना एका वेळी कचेरीत यावे लागेल. आणि त्याच कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस या म्हणून सांगितले. इन्फोसिसने त्याच वर्षी बऱ्याच लोकांना महिन्यातले दहा दिवस ठरवून दिले. कहर म्हणजे 'झूम', जिच्या पडद्यावर साऱ्या जगाने टाळेबंदीत कचेऱ्या भरवल्या, त्या कंपनीनेही २०२३ च्या ऑगस्टमध्ये, कचेरीजवळ राहणाऱ्या आपल्या माणसांना आठवड्यातून दोन दिवस हजर व्हा म्हणून फर्मावले. हलवायाने आपल्या पोरांना मिठाई खाऊ नका म्हणावे, त्यातला प्रकार!

कंपन्यांचे अगदीच चुकते असेही मला म्हणवत नाही. हा प्रश्न जुना आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती आमच्याच वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या भरवशावर. कापूस भरपूर, पण माणसे रोज येईनात! खेड्यातला माणूस, शेत असेल तेव्हा शेत, लग्न असेल तेव्हा लग्न. रोज त्याच वेळी त्याच भोंग्याला हजर व्हायचे हे त्याच्या अंगवळणी पडले नव्हते. टाटांनी दंड करण्याऐवजी बक्षिसे सुरू केली, घड्याळे, सोन्यारुप्याच्या वस्तू वाटल्या, पुढे भविष्यनिर्वाह निधी काढला. घरच्या मागावर बसणाऱ्या विणकराला गिरणीत आणायला जगाला शंभर वर्षे लागली. आणि सवय अशी लागली की, आता त्याच्या पणतवाला पुन्हा घरी बसू द्या म्हटले तर मालकाच्या पोटात गोळा येतो.

या विषयावर शास्त्रशुद्ध प्रयोगही झाले आहेत. भाच्याने मला त्यांतला एक सांगितला आणि मला तो फार आवडला. शांघायच्या एका प्रवास कंपनीने २०१० साली, घरून काम करायला खुशीने तयार असलेल्या लोकांतून, ज्यांची जन्मतारीख सम त्यांना घरी बसवले आणि विषम तारखेवाल्यांना कचेरीत ठेवले. नऊ महिन्यांनी स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम या प्राध्यापकाने नि त्याच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले होते. भाचा एवढे सांगून थांबला. मी कारकून माणूस, पुढचे पान मागितले. पुढच्या पानावर होते की, घरच्या लोकांना कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोग संपल्यावर त्यांतले जवळजवळ निम्मे आपणहून कचेरीत परत गेले. एकटे वाटते म्हणाले!

"हे नाही सांगितलंस," मी म्हटले.

"त्याच कंपनीत दुसरा प्रयोग झालाय," तो म्हणाला. "सोळाशे बारा माणसं. आठवड्यात दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस. काम कमी नाही झालं, बढत्या कमी नाही झाल्या, अन् नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं कमी झाले. २०२४ मध्येच छापून आलंय."

"मग झालं तर! तुझ्या कंपनीकडे तीन दिवस माग."

त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. "मामा, मारेगाव ते पुणे सहाशे किलोमीटरच्या वर आहे. पुण्यात राहणाऱ्याला दोन दिवस अन् पाच दिवस यात फरक आहे. मला एक दिवस म्हणजेच पाच दिवस."

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आपण शहरात बसून "दोन दिवस की तीन दिवस" असा वाद घालतो तो साऱ्या शहरवाल्यांचा वाद आहे. मारेगावच्या मुलापुढे दोनच गोष्टी. इथे किंवा तिथे.

तो इथे का राहू म्हणत होता हे मला पहिल्या सकाळी सहालाच दिसले होते. गुरुजींना २०२२ साली अर्धांगाचा झटका आला. उजवा हात नि पाय लुळा पडला, वाचा गेली. पाय बराच सुधारला, बोलणे थोडे परतले, पण शब्द अडकतो. भाचा रोज सकाळी सहाला त्यांना उठवून तासभर व्यायाम करवून घेतो. हात वर, हात खाली, बोटे उघडा, बोटे मिटा, मोठ्याने बाराखडी म्हणा. आयुष्यभर ज्याने पोरांकडून बाराखडी म्हणवून घेतली तो माणूस पोराच्या समोर बसून 'क का कि की' म्हणत होता आणि अडला की स्वतःवर चिडत होता. मी पडवीच्या दारातून मागे फिरलो. नंतर आठ वाजता भाचा वावरात जाऊन येतो. बारा एकर जमीन आहे. मजूर, फवारणी, रानडुकरांची जागल, सारे तोच बघतो. तो गेला तर वावर ठेक्याने द्यायचे, आणि बहीण एकटी.

म्हणजे बहिणीनेच त्याला धरून ठेवावे की नाही? पण ती म्हणे, जाऊ दे त्याला. मला उलगडेना. दुपारी स्वयंपाकघरात गोळाभात वाढता वाढता तिने सांगितले.

"दादा, पोरगा चौतिसाचा झाला. तीन ठिकाणी बोलणं झालं. पोरीचे बाप पयले विचारतात, मुलगा राहते कुठं? पुण्याले म्हटलं की पुढचं बोलतात. मारेगावले राहते म्हटलं की चहा पिऊन उठतात. पगार सांगून पाहिला, पॅकेज म्हणतात ते सांगून पाहिलं. तेवढाच पगार, तोच मुलगा! एकानं तर विचारलं, नोकरी गेली काय जी याची? घरी काहून बसून राहते?"

विदर्भातल्या खेड्यांत आज शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे दुःख घरोघरचे आहे. पण संगणकातला मुलगाही केवळ गावात दिसला म्हणून नापास व्हावा, हे मला नवीन होते. मुलींच्या बापांना तरी काय म्हणावे? त्यांच्या मुलीही शिकलेल्या, नोकरीच्या. त्यांनी मारेगावात येऊन काय करावे? आपल्या घरात मुलगी असती तर आपण काय विचारले असते, हे मी मनाशी ताडून पाहिले. आपणही चहा पिऊन उठलो असतो.

आणि स्वतः गुरुजी? त्यांचे मत विचारावे असे माझ्या मनात नव्हते, दुखण्यातल्या माणसाला कशाला त्रास. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच मला हाताने बाजेजवळ बोलावले. बाजेखाली पाटी असते. बोलताना अडले की डाव्या हाताने तिच्यावर लिहितात. त्यांनी लिहिले, "मी पोडावर राहिलो."

मला संदर्भ माहीत होता. कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. गुरुजींची पहिली नेमणूक अशाच एका पोडावरच्या शाळेत झाली. रस्ता नाही, दिवा नाही. इतर शिक्षक अपडाऊन करीत, हे सात वर्षे तिथेच राहिले. पोरे सकाळी शाळेत येत नसत, कापूस वेचायला, मोहफुले गोळा करायला जात. गुरुजी रात्री कंदिलावर शाळा भरवीत. ते मोठ्या कष्टाने, एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "पोरं... माह्या शिकवण्यानं नाही आली. मी... तिथं दिसे... म्हणून आली." मग पाटी पुसून लिहिले, "दुरून शाळा होत नाही. कंपनीचं बरोबर."

मी सर्दच झालो. ज्यांच्यासाठी मुलगा नोकरी सोडायला निघाला होता, तेच कंपनीचे वकील! आणि मी, जो कंपनीची बाजू घेऊन डोंबिवलीहून निघालो होतो, तोच म्हणू लागलो, "पण गुरुजी, तो काही शाळा चालवत नाही. त्याचे पोर अमेरिकेत. तो पुण्यात दिसला काय नि मारेगावात दिसला काय." गुरुजींनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा लिहिले. "त्याच्या हाताखाली दोन नवी पोरं आहेत. त्यांना कोण दिसतं?"

हा प्रश्न मी भाच्याला रात्री दहानंतर गच्चीवर सांगितला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "इंदूरचा मुलगा आहे ना, तो दोन वर्षांत एकदाही भेटला नाही मला. गेल्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली. का सोडली हे मला ई-मेलवरून कळलं." थोड्या वेळाने तोच पुढे म्हणाला, "पण बाबांना हे कळतं, अन् मी गेलो तर त्यांना उठवणार कोण, हे कळत नाही." आम्ही दोघेही चांदण्यात नुसते बसून राहिलो. मी काही व्याख्यान दिले नाही, हे आमच्या घरी मुद्दाम सांगायचे म्हणून लक्षात ठेवले.

चौथ्या दिवशी वावरात सीतादही होते. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिल्या कापसाने पऱ्हाटीची पूजा करायची आणि मग वेचायला हात लावायचा, अशी इकडची रीत आहे. बहिणीने पितळेच्या गंजात दहीभात घेतला, गुरुजींना बंडीत बसवले. पोरीबाळींसह दहाबारा बाया वेचणीला आल्या होत्या. पूजा झाली, दहीभात शिंपडला, उरलेला सगळ्यांनी हातावर घेऊन खाल्ला, आणि बाया ओट्यात कापूस भरत ओळीने सरकू लागल्या. भाच्याचा फोन वाजला. तो धुऱ्यावर जाऊन उभा राहिला.

मला मौज वाटली ती वेगळीच. निंदणाला बाई येते ती रोजाने. तेव्हा मालकाला वावरात उभे राहावे लागते, कोण बसले, कोण बोलत राहिले, कोण उशिरा आले. वेचणीला मात्र रोज नाही, किलोचा भाव. तिथे हजेरी कुणी घेत नाही. संध्याकाळी काटा येतो, गाठोडे टांगतात, जितका कापूस तितके पैसे. बाई नऊला आली की अकराला, मध्ये घरी जाऊन पोराला पाजून आली, कुणी विचारीत नाही. मी एका वयस्क बाईला विचारले, "बाई, तुम्हाला रोज बरा की किलो?"

ती ओटा न सोडता म्हणाली, "किलो बरा ना जी. पण किलोत पाठ मोडते. रोजात जरा बसाले भेटते." आणि मालकाचे म्हणाल तर, किलोत त्याला उभे राहावे लागत नाही हे खरे, पण मग गाठोड्यात पालापाचोळा नि कवडी किती आली ते उकलून पाहावे लागते. म्हणजे पाहण्यातून सुटका नाही ती नाहीच, एकतर माणूस पाहा नाहीतर कापूस पाहा. आमच्या कचेरीत छत्तीस वर्षे साहेबांनी माणूस पाहिला. गाठोडे उकलून पाहिले असते, तर आमच्यापैकी कितीजणांची किरकोळ रजा शिल्लक राहिली असती, हे न बोललेले बरे.

धुऱ्यावरून भाचा परत आला. फोन त्याच्या साहेबांचा होता. खास बाब म्हणून जानेवारीऐवजी मार्च करता येईल का, ते बघतो म्हणाले होते. पुढे ते काही जमले नाही.

२०२५ च्या जानेवारीत तो पुण्याला आला. जमीन ठेक्याने दिली नाही, चुलतभाऊ बघतो, हिशेब भाचा रात्री फोनवर घेतो. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मारेगावला जातो नि रविवारी रात्री निघतो. नव्या दोन मुलांपैकी एकजण त्याच्याच खोलीत राहायला आला आहे. लग्नाचे म्हणाल, तर एका ठिकाणी बोलणे पुढे गेले होते. मुलीने अट घातली की, ती नागपूरला घरून काम करते, ती नोकरी सोडणार नाही नि पुण्यालाही येणार नाही. बहीण डोक्याला हात लावून बसली. भाचा मात्र त्या मुलीशी अजून बोलतो आहे.

राहिला गुरुजींचा व्यायाम. तो माझ्याकडे आला. निवृत्त माणसाला सकाळी सहाला दुसरे काम काय? बहीण मोबाइल खुर्चीवर उभा करून ठेवते, मी डोंबिवलीत स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसतो. हात वर, हात खाली, बोटे उघडा, बोटे मिटा. बाराखडी आता ज्ञपर्यंत जाते. मी जुन्या सवयीने एका वहीत तारीखवार हजेरी मांडतो, आणि गुरुजी पलीकडे पाटीवर माझी मांडतात, असे बहिणीने मागाहून सांगितले. आजवर त्यांचा एकही खाडा नाही. माझे दोन लेटमार्क झाले आहेत.